झुकिनी ताजी कशी ठेवावी: निवडीपासून फ्रीझरपर्यंत

झुकिनी नव्याने आणू लागलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. आणली त्या दिवशी कडक आणि चकचकीत, आणि चार-पाच दिवसांनी फ्रिज उघडावा तर एक टोक मऊ पडलेलं, साल बुळबुळीत, नाहीतर अंगभर बारीक खड्डे. ज्यांनी झाड लावलंय त्यांची अडचण वेगळी. एकदा फळं धरायला लागली की घरात खाऊन संपणार नाहीत इतकी येतात, आणि सगळी एकदम येतात. मी दोन्ही बाजूंनी हे निस्तरलंय, त्यामुळे काय केल्याने ती खरंच टिकते आणि कुठे लोक हटकून अडकतात, ते क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज पडणार नाही. झुकिनी भोपळ्याच्याच कुळातली. पण भोपळा पूर्ण पिकून साल टणक झाल्यावर उतरवतात, आणि झुकिनी कोवळी असतानाच तोडतात. म्हणून भोपळा नुसता कोपऱ्यात ठेवला तरी महिनोन्महिने राहतो आणि झुकिनी राहत नाही. तिची साल इतकी पातळ असते की नखाने सहज निघते. आत जवळपास ९५ टक्के पाणी असतं. शिवाय कोवळ्या फळाचा श्वासोच्छ्वास तोडल्यानंतरही जोरात चालू राहतो. त्यात साखर खर्च होते, उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. त्यामुळे तिला तीन गोष्टी बाधतात: आतलं पाणी उडून जाणं, सालीवर पाणी साचून राहणं, आणि गरजेपेक्षा जास्त थंडी. पहिल्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि सगळी गंमत त्यांचा तोल सांभाळण्यात आहे.

काय काय लागेल

रोजच्या साठवणीसाठी:
- कोरडं सुती कापड किंवा कागदी रुमाल
- कागदी पिशवी, किंवा भोकं पाडलेली प्लास्टिकची पिशवी
- कापलेल्या तुकड्यांसाठी झाकणाचा डबा

फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर यात भर:
- धारदार सुरी, किसणी, मोठं पातेलं, चाळणी
- बर्फ आणि तो घालायला मोठं भांडं
- पसरट ताट किंवा ट्रे
- फ्रीझरला चालतील अशा जाड पिशव्या, आणि तारीख लिहायला न पुसणारं पेन

१. टिकणारी झुकिनी निवडा

घरी आणल्यावर कितीही काळजी घेतली तरी आधीच थकलेलं फळ टिकत नाही. साधारण १५ ते २० सेंटीमीटर लांबीची, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटणारी झुकिनी घ्या. साल चकचकीत हवी. अगदी ताज्या फळावर बारीक, किंचित टोचणारी लव असते, ती दिसली तर उत्तमच.

मी सगळ्यात आधी देठ पाहते. देठाचा दोनेक सेंटीमीटरचा तुकडा फळावर राहिलेला हवा, आणि त्याची कापलेली बाजू हिरवट, ओलसर हवी. ती तपकिरी होऊन आक्रसली असेल तर फळ तोडून बरेच दिवस झालेत. देठ मुळातूनच उपटला गेला असेल तर तिथे उघडी जखम राहते, आणि कूज बहुतेक वेळा तिथूनच आत शिरते. मग दुसरं टोक, म्हणजे जिथे फूल होतं ती बाजू, अंगठ्याने हलकेच दाबून बघा. मऊपणाची सुरुवात तिथे आधी जाणवते. आणि नख खुपसून ताजेपणा तपासू नका. पुढे साठवायचं फळ तुम्हीच जखमी करून ठेवाल.

घरच्या झाडावरून तोडत असाल तर सकाळी, ऊन चढायच्या आत तोडा. पिरगाळू नका, धारदार सुरीने देठ राखून कापा. तोडलेली फळं उन्हात राहू देऊ नका. सावलीत ठेवा आणि शक्य तितक्या लवकर थंड जागी न्या. हंगामात एक दिवसाआड झाडाखाली डोकावायलाच हवं, कारण पानांआड राहिलेलं फळ दोन-तीन दिवसांत ओळखू येणार नाही इतकं वाढतं.

२. घरी आणल्यावर धुऊ नका

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. बाकीच्या भाज्यांबरोबर झुकिनीही धुऊन ठेवली की स्वच्छ काम झाल्यासारखं वाटतं. पण पातळ सालीवर, देठाच्या खाचेत आणि फुलाच्या टोकाशी पाणी राहतं, आणि त्या ओलाव्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. माती लागली असेल तर कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसून काढा. घासू नका. धुवायचं ते कापायच्या ऐन वेळी, वाहत्या साध्या पाण्याखाली. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको.

दुकानातून पाण्याचे थेंब असलेली झुकिनी आली, किंवा पावसात भिजलेली तोडावी लागली, तर ती कापडावर मोकळी पसरा, पंख्याच्या वाऱ्यावर थोडा वेळ ठेवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुढच्या पायरीला न्या.

३. तीन वाटे करा

सगळी एकदम फ्रिजमध्ये कोंबण्याआधी टेबलावर मांडा.

आज-उद्या वापरायची ती बाहेरच राहू द्या. ऊन न येणाऱ्या, हवेशीर, गार जागी एक-दोन दिवस ती छान राहते. हवा फार उष्ण असेल तर मात्र फ्रिजच बरा.

आठवडाभरात वापरायची, साल धडधाकट असलेली, ती फ्रिजमध्ये.

ओरखडे पडलेली, दबलेली, देठ तुटलेली झुकिनी आजच शिजवा किंवा फ्रीझरसाठी बाजूला काढा. एक सडलेलं फळ शेजारच्या चार फळांना लागण करतं, म्हणून ‘बघू दोन दिवस’ म्हणत ती चांगल्या फळांच्या पिशवीत ठेवू नका.

४. फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत

झुकिनीला मानवणारं तापमान ५ ते १० अंश सेल्सिअस, आणि हवेत भरपूर दमटपणा, साधारण ९५ टक्के. अशा जागी चांगलं फळ दहाएक दिवस राहतं. आता घरचा फ्रिज. दूध आणि शिजवलेलं अन्न सुरक्षित राहावं म्हणून तो ४ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड ठेवावा लागतो, आणि तो तसाच ठेवायला हवा. एका भाजीसाठी फ्रिजचं तापमान वाढवू नका. फक्त जागा नीट निवडा. बहुतेक फ्रिजमध्ये तळाचा भाजीचा कप्पा बाकी भागापेक्षा थोडा कमी थंड आणि जास्त दमट असतो. झुकिनीची जागा तिथे. मागच्या भिंतीला किंवा थंड हवा जिथून येते त्या तोंडाला ती टेकू देऊ नका.

जास्त थंडी लागली की काय होतं ते नीट पाहून ठेवा, कारण अनेक जण ती कूजच समजतात. ५ अंशांच्या खाली काही दिवस राहिलेल्या झुकिनीच्या सालीवर आधी टाचणीच्या डोक्याएवढे खोलगट ठिपके उमटतात. ते हळूहळू एकमेकांत मिसळतात, तिथे साल तपकिरी आणि पाणचट दिसू लागते. आतल्या पेशी थंडीने दुखावलेल्या असतात. असं फळ फ्रिजमध्ये असताना कसंबसं तग धरतं, पण बाहेर काढून ठेवलं की काही तासांत झपाट्याने मऊ पडतं आणि कुजतं. म्हणून ठिपके दिसले की त्याच दिवशी, फ्रिजमधून काढल्या काढल्या शिजवा. नेहमी ठिपके येत असतील तर तुमचा कप्पा फार थंड आहे. झुकिनी कापडात गुंडाळा आणि कप्प्यात वरच्या थराला, बाकीच्या भाज्यांच्या आडोशाला ठेवा.

आता पिशवीचं. उघडी ठेवली तर फ्रिजची कोरडी हवा तिचं पाणी ओढून घेते आणि ती सुरकुतते. घट्ट बंद पिशवीत ठेवली तर तिच्याच श्वासाचा ओलावा आत थेंबांच्या रूपात जमतो आणि साल बुळबुळीत होते. मधला मार्ग असा:

- प्रत्येक झुकिनी पूर्ण आणि अख्खी ठेवा. देठही कापू नका.
- कोरड्या कागदी रुमालात किंवा पातळ सुती कापडात सैलसर गुंडाळा. कापड उडणारा ओलावा धरून ठेवतं आणि जास्तीचे थेंब टिपून घेतं.
- मग भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा आणि तोंड मोकळं सोडा. कागदी पिशवीही चालते, फक्त तीत फळ जरा लवकर सुकतं.
- एका पिशवीत तीन-चारपेक्षा जास्त नको, आणि वर जड काही ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी पिशवी एकदा उजेडात धरा. आतून धुकं धरलं असेल तर भोकं कमी पडतायत. पिशवी कोरडी पण साल निस्तेज असेल तर भोकं जास्त झालीत. दोन-तीनदा असं पाहिलं की तुमच्या फ्रिजला काय मानवतं ते कळतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या सल्ल्यापेक्षा जास्त भरवशाचं असतं.

शेजारी कोण आहे हेही बघा. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो इथिलीन नावाचा, फळं पिकवणारा वायू सोडतात. त्याने हिरव्या झुकिनीचा रंग पिवळट पडतो आणि ती लवकर जून होते. ही फळं वेगळ्या कप्प्यात ठेवा.

५. कापलेली आणि शिजवलेली झुकिनी

अर्धी उरली तर कापलेली बाजू कागदी रुमालाने टिपा, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद घट्ट चिकटवून ठेवा. चकत्या किंवा तुकडे असतील तर डब्याच्या तळाशी कागदी रुमाल घालून झाकण लावा. तीन-चार दिवसांत संपवा. कापल्यावर बाजूला जे चिकट थेंब येतात तो तिचा स्वतःचा रस आहे, खराबीचं लक्षण नव्हे. काही जणांना त्याने हाताची कातडी ताणल्यासारखी वाटते. बरीच कापायची असेल तर हातमोजे घाला.

किसलेली झुकिनी फ्रिजमध्ये ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. तासाभरात पाणी सुटतं. आधीच मीठ लावलं असेल तर आणखी सुटतं. किसायची ती वापरताना, नाहीतर थेट फ्रीझरसाठी.

शिजवलेली दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि ती तीन ते चार दिवस चालते.

६. काय चालेल, काय टाकायचं

दर दोन दिवसांनी पिशवी उघडून प्रत्येक फळ हातात घ्या. रुमाल ओला झाला असेल तर बदला.

किंचित सुरकुतलेली, वाकवल्यावर लवणारी झुकिनी फक्त पाण्याला मुकलेली असते. सॅलडमध्ये ती चांगली लागणार नाही, पण सूप किंवा परतून करायच्या कोणत्याही पदार्थाला बिनदिक्कत वापरा. एखादा लहानसा कडक डाग किंवा ओरखडा असेल तर आजूबाजूचा थोडा भाग धरून कापून टाका.

बुळबुळीत साल, आंबूस वास, दाबल्यावर पाणी सुटणं, पांढरी किंवा करडी बुरशी दिसणं: यातलं काहीही असलं तर सरळ टाका. बुरशी वरून कापून आतला भाग वाचवायला जाऊ नका. इतका पाणीदार गर असला की बुरशीचे तंतू आणि जिवाणू दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात.

कडूपणाबद्दल मात्र कळकळीने सांगते. झुकिनी कडू लागली तर तो घास थुंकून टाका आणि संपूर्ण फळ फेका, दिसायला कितीही ताजं असो. या कुळातल्या झाडांमध्ये कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य असतात, पण घरी धरलेल्या बियाण्यात शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याचा संकर झाला असेल तर ती पुन्हा जोरात येऊ शकतात. त्यांनी उलट्या, जुलाब आणि पोटात तीव्र वेदना होतात. शिजवून ती जात नाहीत, मसाल्याने चव झाकली तरी विष तसंच राहतं. घरच्या बियाण्याची झुकिनी असेल तर पदार्थात घालण्याआधी कच्ची चकती जिभेच्या टोकाला लावून पाहायची सवय लावा.

७. फ्रीझरमध्ये ठेवायची तर

इथे अपेक्षा आधीच नीट ठेवा. गोठताना आतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. त्यामुळे वितळलेली झुकिनी कधीही कुरकुरीत राहत नाही. सूप, रस्सा, सॉस, केक किंवा पिठात मिसळायचं असेल तर फ्रीझर उत्तम. सॅलडसाठी नको.

दुसरी गोष्ट, उकळत्या पाण्यातून काढण्याची पायरी गाळू नका. गोठल्यावरही भाजीतली एन्झाइम्स, म्हणजे तिच्यात रासायनिक बदल घडवणारी द्रव्यं, संथपणे काम करत राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत रंग मळकट, चव गवतासारखी होते. थोडा वेळ गरम पाणी दिलं की ती निष्क्रिय होतात. काही आठवड्यांतच संपवणार असाल तर कच्ची गोठवलेलीही चालून जाते. जास्त दिवसांसाठी मात्र ही मेहनत घ्याच.

चकत्यांसाठी:

१) कोवळी झुकिनी धुवा, दोन्ही टोकं काढा, साधारण सव्वा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. पातळ केल्या तर गरम पाण्यातच लगदा होतो.

२) मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा. अर्धा किलो चकत्यांना सुमारे चार लिटर पाणी हवं. कमी पाण्यात जास्त चकत्या टाकल्या की उकळी मोडते आणि त्या नुसत्या शिजत राहतात.

३) चकत्या टाका, उकळी परत आली की तिथून ३ मिनिटं मोजा.

४) लगेच काढून बर्फाच्या पाण्यात टाका आणि तितकाच वेळ, मधे गार वाटेपर्यंत ठेवा. एक चकती मोडून बोटाने मधला गर तपासा.

५) चाळणीत निथळा, मग कापडावर पसरून कोरड्या करा. घाई होते ती याच टप्प्यावर. अंगावर राहिलेलं पाणी म्हणजे पिशवीतला बर्फ.

६) ट्रेवर एकमेकींना न चिकटता पसरून दोन-तीन तास गोठवा. कडक झाल्या की पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा.

किसलेल्या झुकिनीसाठी पाण्यात टाकण्याऐवजी वाफ द्या. चाळणीत पातळ थर पसरून एक ते दोन मिनिटं, कीस पारदर्शक दिसू लागेपर्यंत. गार करा, मुठीने पिळा, आणि तुमच्या नेहमीच्या पदार्थाला लागतो तेवढाच कीस मोजून एकेका पिशवीत भरा. पिशव्या चपट्या करून आडव्या ठेवल्या तर लवकर गोठतात आणि जागाही कमी लागते.

फ्रीझर उणे १८ अंशांवर असेल तर आठ ते दहा महिने दर्जा चांगला राहतो. चकत्या वितळवत बसू नका, गोठलेल्याच उकळत्या सूपमध्ये सोडा. कीस मात्र चाळणीत ठेवून वितळू द्या, पाणी गळून जाऊ द्या, मग पुन्हा पिळा आणि त्यानंतरच पिठात घाला. नाहीतर मिश्रण सैल होतं.

८. सुकवून ठेवायची तर

तीन ते सहा मिलिमीटरच्या सारख्या जाडीच्या चकत्या करा. ५५ ते ६० अंशांवर डिहायड्रेटरमध्ये (गरम हवेने भाज्या सुकवायच्या यंत्रात), मधूनमधून उलटत, मोडताना कट्ट आवाज येईपर्यंत सुकवा. लवचीक राहिली म्हणजे ओल आहे. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत सैल भरा आणि पहिला आठवडा रोज हलवून बघा. काचेवर आतून दमटपणा दिसला तर सगळ्या परत सुकवायला ठेवा. बरणी अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. ढीगभर झुकिनी मूठभर जागेत मावते, आणि सूपमध्ये ती छान फुलते.

९. बाटलीबंद करताना

साधी झुकिनी पाण्यात भरून बरण्या उकळून घरी सीलबंद करू नका. झुकिनीत आम्ल कमी असतं, पीएच ४.६ च्या वर (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका जास्त तितकं आम्ल कमी), आणि हवाबंद कमी आम्लाच्या अन्नात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू जीवघेणं विष तयार करू शकतो. प्रेशर कॅनरमध्ये (वाफेच्या दाबाखाली बरण्या तापवायच्या भांड्यात) ती बाटलीबंद करण्याच्या जुन्या शिफारशीही अमेरिकेच्या कृषी विभागाने मागे घेतल्या आहेत, कारण मऊ गर बरणीत दाबून बसतो आणि उष्णता मध्यापर्यंत किती पोचेल याचा भरवसा राहत नाही. तेलात बुडवून बाहेर ठेवण्यातही हाच धोका आहे. लोणचं घालायचं असेल तर ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरची, तपासून दिलेली कृती घ्या आणि व्हिनेगरचं प्रमाण कमी करू नका.

१०. फुलं आणि जून झालेली फळं

फुलं फार नाजूक. ओलसर कागदी रुमालावर एका थरात, डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत वापरा. आत किडे-मुंग्या असतात, तेव्हा पाकळ्या उघडून झटका.

नजरेतून सुटून हातभर वाढलेली झुकिनी टाकू नका. साल खरोखर टणक झाली असेल, नख सहज रुतत नसेल, तर गार आणि कोरड्या खोलीत, फ्रिजबाहेर, काही आठवडे राहते. वापरताना उभी चिरा, चमच्याने बिया आणि मधला स्पंजसारखा गर काढून टाका, जाड साल सोला. उरलेला भाग किसा, आणि वर सांगितल्याप्रमाणे वाफवून, पिळून फ्रीझरमध्ये ठेवा.